संत्र्याच्या पाल्याचं तेल

नवे पैसे नुकतेच चालू झाले होते तेव्हाची गोष्ट. आमचे हे अकोल्याला एका लग्नाला गेले आणि अत्तराच्या दुकानातून वेडे होऊन परत आले. दुकानदारानं त्यांना एक बाटली हुंगवली होती. फुलाचं नाही, फळाचं नाही, संत्र्याच्या जातीच्या झाडाच्या पाल्याचं तेल! परदेशातून येतं म्हणे, भारी अत्तरात पडतं. जेवताना तेच, विहिरीवर तेच.

"आपल्या बागेत पाला का कमी हाये?"

"पाला झाडाले लागते," मी म्हणाले.

"तुले कायी समजत नाही."

बरं बाई, नाही समजत. पण मी लग्न होऊन आले तेव्हा ती संत्र्याची बाग गुडघ्याएवढी होती. कळशीनं पाणी घालून मी ती वाढवली, आणि आमचं घर तिच्यावरच चालायचं.

ह्यांची तडफड मला कळत होती, तेही सांगते. दरवर्षी व्यापारी फुलोऱ्यातच बागेचा ठेका घ्यायचे आणि तोडीच्या वेळी फळ बारीक आहे म्हणून नाकं मुरडायचे. ह्यांना आपल्या हातानं काढलेलं काहीतरी ताठ मानेनं विकायचं होतं. त्यात वाईट काय होतं? काहीच नाही. म्हणूनच जीव तुटतो.

अमरावतीहून अर्क काढायची तांब्याची डेग आणली. झाकण कणकेनं लिंपलं, नळी गार पाण्यातून नेली. छाटणीचा पाला घातला तर तेल बोटाला लागेल इतकंच निघालं. वाळलेला पाला तर काहीच देईना. हिरवाच हवा, आणि ढिगानं हवा.

आमच्याकडे हिवाळ्यात संत्र्याला ताण देतात. पाणी तोडायचं, झाड कोमेजू द्यायचं. थोडी पानं पिवळी पडून गळतात, मग पाणी सोडलं की फुलोरा येतो. ह्यांनी त्यातूनच डोकं चालवलं. "ताणात पाला गळतेच. मंग मातीत कायले जाऊ द्यायचा?"

"अवो, झाड आपल्या मनानं टाकते ते येगळं, अन् आपण ओरबाडतो ते येगळं."

ऐकतो कोण! ताणाच्या तोंडावर सगळी बाग ओरबाडली, एक पान ठेवलं नाही. तेल निघालं. कडवट, हिरवा वास, डोकं धुतलं तरी केसांतून जाईना. खोटं का बोलू, सुंदर होता. ताज्या तेलाला धुराचा वास असतो, पावसाळ्यापर्यंत मुरू द्या, असं दुकानदारानं बजावलं होतं.

ताण संपला, पाणी सोडलं. फूल नाही, पालवीही नाही. उन्हाळ्यात उघड्या फांद्यांची साल तडकली. हे रोज सकाळी नखानं साल खरवडून आत हिरवं दिसतं का ते बघायचे. आधी शेंड्याला, मग खोडाला. मला असा संताप यायचा, आणि त्यांच्याकडे बघून तेवढंच रडू यायचं.

"बोला ना कायी," मी म्हणायची. ते पुढच्या झाडाकडे जायचे.

मृगाआधी सगळी झाडं तोडली आणि तिथे कापसाची पऱ्हाटी लावली. मग आम्ही दोघं तेल घेऊन अकोल्याला गेलो. दुकानदारानं कागदाच्या पट्टीवर थेंब टाकला, हुंगला, डोळे मिटून पुन्हा हुंगला.

"वा भाई! असा माल इथं कुणी आणला नाही. दरसाल आणा, निघेल तेवढा घेतो. बाग केवढी आहे तुमची?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मोठी हाये," म्हणाले.

दुकानदार खूश झाला. पुढच्या सालासाठी म्हणून त्यानं रिकाम्या बाटल्या कागदात गुंडाळून दिल्या, आणि ह्यांनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या.