भादव्यातलं मागणं

फरशीचा नारळ फुटून तीन वर्षं झाली होती आणि फरशीचा पत्ता नव्हता. फरशी म्हणजे ओढ्याच्या पात्रातून नेलेला ठेंगणा पूल, पूर आला तर पाणी वरून जाऊ देणारा. आमचं गाव कवठे महांकाळच्या बाजूचं, वर्षातले बरेच महिने कोरडं ठणठणीत. पण वरच्या माळावर पाऊस झाला की ओढा बघता बघता भरायचा आणि पलीकडच्या गावाची वाट बंद व्हायची. हायस्कूल पलीकडे होतं. आमच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग होते, आणि मी सातवीत होते. वडिलांनी सांगून टाकलं होतं, "फरशी झाली की जा आठवीला. पोरगी वढ्यात घालवायला मी काय खुळा न्हाई."

त्यांचं चुकत होतं असं तेव्हाही मला वाटलं नाही. अडचण वेगळीच होती. फरशी होत नव्हती ती काही अंशी त्यांच्यामुळेच.

वडील बिरोबाच्या जत्रेतले मानकरी. चैत्रातल्या जत्रेला एक मंत्री कुस्त्या बघायला येत. एका वर्षी त्यांना फेटा बांधल्यावर सरपंचांनी माइकवरून फरशी मागितली. मंत्री उठून म्हणाले, "दिली!" टाळ्या झाल्या, भंडारा उधळला गेला, आणि वडिलांनी सगळ्या गावासमोर ओढ्याच्या काठाला नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा मलाही मिळाला.

त्यानंतर गावानं फरशीचं नाव काढलं नाही. सुपारी फुटल्यावर मुलीला पुन्हा मागणी घालत नाहीत, तसंच हे. वडील म्हणत, "देवाम्होरं दिल्यालं पुन्यांदा मागायचं, म्हंजी दिलंच न्हाई असं म्हणायचं. माणसाचा अपमान व्हतो." पुढच्या जत्रांना मंत्री आले, फेटा बांधून घेतला, कुस्त्या बघितल्या आणि गेले. फरशीबद्दल ते बोलले नाहीत, आम्हीही बोललो नाही. माझा अंदाज, ते विसरले असावेत. आम्ही मात्र भिडस्तपणे वाट बघत राहिलो.

मी सातवीत गेले त्या पावसाळ्यात बांधकाम खात्याचे ओव्हरसियर रस्ता बघायला आले आणि ओढ्यानं अडकले. चहाला आमच्याच घरी बसले. आईनं चुलीपुढूनच विचारलं, "सायेब, आमची फरशी कवा सुरू व्हनार?"

"कुठली फरशी?" ते म्हणाले. "तुमच्या ओढ्याचं काम कुठल्याच यादीत नाही."

वडील म्हणाले, "न्हाई कसं? नारळ फुटलाय."

ओव्हरसियर हसले नाहीत, हे मला फार बरं वाटलं. त्यांनी नीट समजावलं. सरकारचं बजेट मार्चमध्ये मंजूर होतं. चैत्रात मंत्री येतात तोवर त्या वर्षाचं वाटप होऊन गेलेलं असतं. पुढच्या बजेटात काम घालायचं, तर भादव्यातच गावाचा ठराव आणि आमदारांची शिफारस पोचली पाहिजे. मग खातं खर्चाचा अंदाज काढणार, सांगलीच्या बैठकीत कामांचा क्रम लागणार, आणि वर नंबर लागला तरच ते मुंबईला जाणार. "जत्रेत मागून उपयोग नाही," ते म्हणाले. "पाऊस चालू असताना मागा."

ते गेल्यावर आई वडिलांना म्हणाली, "आवं, मग मागा की."

"मी नारळ फोडलाय," वडील म्हणाले. एवढंच.

माझी आठवी आणि वडिलांचा शब्द यांत काय राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

भादव्यात देवळात ग्रामसभा झाली. आमचं गाव मेंढपाळांचं; एरवी मेंढरं चारायला लांब गेलेली माणसं पावसाळ्यात गावात असतात. देऊळ भरलं होतं. ग्रामसभेला बाया जात नसत. जाऊ नये असं कुणी सांगितलं नव्हतं, जात नसत इतकंच. आई शेजारच्या चार-पाच जणींना घेऊन गेली आणि दारालगत बसली. मी तिच्या मागं होते. सरपंचांनी फरशीचा विषय काढला आणि लगेच वडिलांकडे बघितलं. वडील मान खाली घालून बसले होते.

तेव्हा आई उठली. पदर सारखा करून म्हणाली, "गड्यांनी मागितलं, गड्यांनी नारळ फोडला. त्येंनी पुन्यांदा मागू नये, ह्ये बराबर हाय. पर बायांनी आजून कायबी मागितल्यालं न्हाई. आमचं ह्ये पयलंच मागणं हाय. ल्ह्या."

मग एका म्हाताऱ्यानं मान डोलावली, "रीतीला धरून हाय." सरपंचांना सुटल्यासारखं झालं असावं, कारण त्यांनी ठराव तिथल्या तिथं लिहिला. एरवी वडील आईच्या दोन पावलं पुढं चालायचे, ते त्या दिवशी घरी येताना मागं होते.

ठराव झाला म्हणून आई घरी बसली नाही. आमदारांचं घर बाजारगावात होतं. दर बाजाराच्या दिवशी ती आणि तिच्या सोबतिणी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसत. भांडण नाही, घोषणा नाहीत. "शिफारस दिलीसा का?" पुढं, "अंदाज निघाला का?" त्याच्याही पुढं, "सांगलीची बैठक झाली का? आमचा नंबर कितवा?" बैठकीत पहिल्यांदा नंबर खाली गेला होता. तेव्हा बाया तिथं संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या, आणि आमदारांच्या घरातून त्यांना भाकरी वाढावी लागली. मला वाटतं, नंबर त्या भाकरीनंतर वर सरकला.

मार्चअखेरीस आमदारांनी आईला सांगितलं, "बाई, आली बघा तुमची फरशी बजेटात. रक्कम थोडीच धरलीय. पण एकदा नाव चढलं की काम सहसा रद्द होत नाही."

जूनमध्ये ओढ्यात एक दगडही पडलेला नव्हता. वडील म्हणाले, "फरशी कुठाय? झाली की जाईल पोरगी."

आई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवले नाहीत. "निसत्या नारळावर तुमी तीन वर्सं फरशी झाली म्हनत हुता. ह्ये तर सरकारच्या कागदावर हाय."

वडील बराच वेळ तंबाखू मळत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं नाव आठवीत घातलं. ओढ्याला पाणी असेल त्या दिवशी ते मला खांद्यावर बसवून पलीकडे नेत. संध्याकाळी मेंढरं घेऊन आमच्या गावच्या काठाला उभे असत. पाणी फार असलं तर दोघंही आपापल्या काठाला उतार पडायची वाट बघत बसायचो. एवढं मोठं घोडं बापाच्या खांद्यावर, म्हणून मुली हसत. मला लाज वाटायची.

फरशी पुरी झाली तेव्हा माझी दहावी आटोपली होती. शाळेला जाताना मी तिच्यावरून एकदाही चालले नाही. उद्घाटनाला तेच मंत्री आले. म्हणाले, "देवासमोर शब्द दिला होता, तो पाळला." वडिलांनी टाळ्या वाजवल्या, भंडारा उधळला. मला संताप आला. आईचं नावसुद्धा कुणी घेतलं नव्हतं.

घरी येऊन मी आईवर चिडले, "तू गप्प का बसलीस?"

"म्हनू दे की त्येला," आई म्हणाली. "खुशीत हाय तवर बरं. आता यष्टी मागायची हाय. यष्टीला पक्का रस्ता लागतो, आन रस्त्याचं भादव्यातच घालाय लागतंय."

"यष्टी कशाला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "कालेज तालुक्याला हाय. तितवर काय बा खांद्यावर न्हेनार हाय तुला?"