तांदळात लपवलेल्या पाटल्या
अगं, कोट काढून जवळ बस तरी. आलीस की निघायचीच घाई तुला. या भाताच्या वासाने सँट्री या उपनगरातलं लेकीचं घर आठवलं. तिने ऑस्ट्रेलियाच्या एका रॉक बँडमधली चार केसाळ मुलं मुक्कामाला आणली होती. पाठीशी गाणी काढणारी कंपनी नाही, आपल्याच सीडी खोक्यांतून विकत गावोगाव वाजवायची. असली बिनमालकाची मंडळी मला बरी वाटेनात. मी आईच्या पाटल्या तांदळाच्या डब्यात पुरल्या. सकाळी अंघोळ करून येते तर त्यांचा ड्रमवाला सगळ्यांसाठी भात शिजवतोय. डबा उपसला, तर पाटल्या नाहीत. "चोरल्या गं मेल्याने," मी लेकीला म्हटलं. "आई, देव्हाऱ्यात बघ. सोनं तांदळात म्हणजे देवाचंच असणार, असं वाटलं त्याला." पाटल्या देवीपुढे होत्या; तरी मी उजेडात नेऊन खुणा तपासल्या, बदलल्या तर नाहीत ना म्हणून. पुढे तीच मुलं स्वतःच्या बळावर मोठाले हॉल भरू लागली. पण आजही पाहुणा येणार म्हटलं की माझा हात आधी पाटल्यांकडे जातो. तू मात्र रविवारी राहायलाच ये.