आठ वाजताची खिडकी

आमची पोस्ट उत्तरेला, चौदा हजार फुटांवर होती. बंकरला खिडकी नव्हती. दगडांमध्ये टीचभर भोक होतं, त्यातून बाहेर नजर ठेवायची. ऊन पडलं की त्या भोकातून प्रकाशाची एक वडी आत यायची आणि दिवसभर भिंतीवरून सरकत राहायची. लान्स नाईक दिलीप पेन्सिलीने तिच्या खुणा करून ठेवी. घड्याळ सगळ्यांच्या मनगटावर होतं, तरी तो भिंतीकडे बघून वेळ सांगायचा. फार तर पाच मिनिटं चुकायचा.

आम्ही तिघे खान्देशातले. मी जामनेरजवळचा, हुद्द्याने नाईक, कामाने रेडिओ ऑपरेटर. दिलीप नरडाण्याचा, त्याचं घर रेल्वे लाइनीला खेटून. तिसरा शिपाई जयराम, पिंपळनेरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला त्याची वस्ती. दिलीप आणि जयराम आपसात अहिराणी बोलत. माझी बोली जरा वेगळी पडते, म्हणून दोघे माझी थट्टा करत. मीही त्यांना सोडत नसे.

सुट्टीवरून परतताना लोक लग्नाचे, पोराबाळांचे फोटो आणतात. दिलीपने घराच्या खिडकीचे आणले. सळयांची सावली धान्याच्या कोठीवर पडलेली, सावली आईच्या पाठीवर पडलेली, सावली नुसत्याच भिंतीवर पडलेली. मालगाडी जाते तेव्हा भिंतीवरचं ऊन थरथरतं, असं तो सांगायचा. मी म्हटलं, "फोटोत तर थरथरत नाही." तो म्हणाला, "त्यासाठी नरडाण्याले येनं पडी, भाऊ."

त्याने आमच्याकडून कबूल करून घेतलं होतं. पुढच्या सुट्टीत प्रत्येकाने सकाळी आठ वाजता आपापल्या खिडकीचा फोटो काढून बाकी दोघांना पाठवायचा. फोटो त्याच वेळचा हवा. सोबत एक शब्द लिहायचा नाही.

ती सुट्टी दिलीपला मिळाली नाही.

फेब्रुवारीतला दिवस होता. खालच्या पोस्टकडे जाणारी टेलिफोनची केबल तुटली होती. दिलीप आणि जयराम दुरुस्तीला गेले. वाऱ्यात सेटवर बोललेलं समजत नाही, म्हणून आमची पद्धत ठरलेली होती. दर अर्ध्या तासाने सेटचं बटण दोनदा दाबायचं. माझ्या कानात टक-टक वाजे. दोन दाब म्हणजे ओके. मी लॉगबुकात नोंद करी.

१३५० ला जयराम एकटाच परत आला. केबल कमी पडली होती, नवं रीळ हवं होतं. दिलीप तुटलेल्या टोकापाशी थांबला होता. तेवढ्यात वारा वाढला.

१४०० ला माझ्या कानात टक वाजलं. मग बराच वेळ काही नाही. चार सेकंद असतील, पाच असतील. मग दुसरं टक.

पोस्ट कमांडर सुभेदार साहेब मागे उभे होते.

"दिलीप की रिपोर्ट?"

"ओके साहब."

"ठीक है. जयराम को रोको. हवा कम होने दो."

१४३० ला काहीच वाजलं नाही. १४३५ ला आम्ही निघालो. दिलीप १५१० ला सापडला. वरून बर्फाची लादी सुटली होती आणि तो छातीपर्यंत खालच्या घळीत दाबला गेला होता. अंगठा बटणावर होता. डॉक्टर साहेबांनी नंतर सांगितलं, अर्धा तास आधी हाती लागला असता तर शक्यता होती.

दोन दाबांमधल्या त्या अंतराविषयी मी कोणाला बोललो नाही. सुभेदार साहेबांना नाही, जयरामला नाही, दिलीपच्या आईला तर नाहीच. लॉगबुकात '१४००. ओके.' असंच राहिलं. मला लाज वाटत होती, आणि लाजेला पेन्शन मिळत नाही, ती आपली चालूच राहते.

जयराम आणि मी एका वर्षाच्या अंतराने निवृत्त झालो. मी हवालदार म्हणून, तो नाईक म्हणून. मी जामनेरजवळ एका कापसाच्या जिनिंग मिलच्या गेटवर सिक्युरिटीत लागलो. तो आपल्या रानात नागली, भात करू लागला. आमच्या दोघांत दोनशे किलोमीटर अंतर. दिलीपची अट आम्ही तेव्हापासून पाळू लागलो. आठ वाजता त्याच्या खिडकीचा फोटो येई, पाच सळया आणि कुडाच्या भिंतीवर त्यांची तिरपी सावली. कधी सावलीत टोपली टांगलेली, कधी कुत्रं झोपलेलं. माझ्याकडून गेटच्या केबिनची काच जाई, तिला चिकटलेला कापूस आणि टेबलावर पडलेलं ऊन. माझी बायको सुनंदा म्हणायची, "सकाळी सकाळी लोक देवाचे फोटो पाठवतात, तुम्ही सळयांचे पाठवता." मी म्हणायचो, "देव सगळ्यांना एकच फोटो देतो. हे रोज वेगळे असतात."

ऑपरेटरची खोड जात नाही. गेटच्या रजिस्टरशेजारी मी स्वतःची एक वही ठेवली होती. रोज एक ओळ. '०८००. जयराम. ओके.'

गेल्या डिसेंबरात एका सकाळी फोटो बरोबर आठला आला. गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली होती. मी फोटो बघितला. तिरका होता आणि खिडकी वेगळी होती. मनात म्हटलं, गडी आज रानात दिसतोय. माझ्या काचेचा फोटो त्याला पाठवला, वहीत 'ओके' लिहिलं आणि गाड्या आत सोडायला लागलो.

पस्तीस मिनिटांनी खुर्चीत बसलो. टेबलावरचं ऊन सरकून रजिस्टरच्या कडेला गेलं होतं. मी सहज तिकडे बघितलं आणि मनात पाल चुकचुकली. जयरामचा फोटो कधी तिरका नसतो. फायरिंगला बसल्यासारखा दम धरून फोटो काढणारा माणूस तो.

मी फोटो पुन्हा उघडला. खिडकी खूप वर दिसत होती, तिच्यावरचं छत जास्त दिसत होतं. हा फोटो जमिनीवरून काढलेला होता. उभा माणूस किंवा बसलेला माणूस असा फोटो काढू शकत नाही.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

ते पाच सेकंद मला तिथे, गेटवर, जसेच्या तसे ऐकू आले. टक, आणि मग काही नाही. मी पुन्हा तीच चूक केली होती. रिपोर्ट आला म्हणजे माणूस ठीक, असं धरून चाललो होतो. मला स्वतःच्या कानफटात मारावंसं वाटलं, पण त्याला वेळ नव्हता.

जयरामची बायको लेकीच्या बाळंतपणाला नवापूरला गेलेली होती. घरात तो एकटा. त्याच्या वस्तीवर सुकलाल किराणा दुकान चालवतो, त्याचा नंबर माझ्याकडे होता. ०८३८ ला त्याला लावला.

"सुकलाल, जामनेरहून भास्कर बोलतोय. जयरामच्या घरी जा. आत्ता. फोन चालू ठेव."

"काय व्हयनं, भाऊ?"

"आधी पळ."

त्याच्या चपलांचा आवाज येत राहिला. मग त्याचा धापा टाकणारा आवाज.

"घर नही शे. बाहेरथून कडी लायेल शे."

मी फोटो मोठा करून बघितला. खिडकीला सळया नव्हत्या, नुसतं दीड हाताचं चौकोनी भोक. सिमेंटची भिंत, म्हणजे घर नाही, पंपघर. त्यातून आलेलं ऊन समोरच्या भिंतीवर पडलेलं आणि त्या उन्हात एक सावली. जाड उभा खांब, त्याला टेकलेली अर्धी पेटी. बराच वेळ ते काय आहे कळेना. मग कळलं.

"सुकलाल, तुमच्या नदीकाठी विजेची डीपी कुठे आहे?"

"मोठ्या बांधजोडे. एकच शे."

"पंपघरं किती?"

"सात-आठ व्हतीन. बठ्ठा पसरेल शेत."

"सगळी शोधू नकोस. डीपीजवळ जा आणि सूर्याकडे पाठ करून उभा राहा."

डीपीची सावली ज्या खिडकीत शिरली, त्या खिडकीआड जयराम पडलेला होता. इतकं सरळ होतं. दिलीप असता तर त्याने पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं. सुकलालने वाटेत दोन माणसं सोबत घेतली. मी केबिनमध्ये उभा होतो. बाहेर गाडीवाले हॉर्न वाजवत होते. मी गेट उघडलं नाही.

०८५० ला सुकलाल डीपीपाशी पोचला.

"सावली एक पंपघरकडे जाई ऱ्हायनी, भाऊ."

"उघड ते."

दार आपटल्याचा आवाज आला.

"हाई त रिकामं शे. आठे कोणीच नही."

मी खुर्चीची पाठ धरली आणि टेबलावरच्या उन्हाकडे बघितलं. फोटो आठचा होता. आता पन्नास मिनिटं झाली होती. सूर्य एका जागी थांबत नाही, सावलीही थांबत नाही. सकाळी सूर्य दक्षिणेकडे सरकतो, सावली उजवीकडे वळते आणि आखूड होते. म्हणजे आठ वाजता ती डावीकडे होती, आणि आतापेक्षा लांब होती.

"परत डीपीपाशी ये. सावलीकडे तोंड कर. उजवा हात समोर ताठ धर. चार बोटं जुळवून उभी कर, अंगठा आत. करंगळी सोडू नको, चारही हवीत. बोटांची उजवी कड सावलीवर ठेव."

"ठेवं."

"डाव्या कडेच्या रेषेत काय आहे?"

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला.

"काहीच नही. जुनं पंपघर शे. तठली हीर आटेल शे. तठे कोणी जात नही."

"तिथेच जा."

फौजेत दुर्बीण नसली तर कोन असाच बोटांनी मोजतात. अंदाजच असतो तो. पण दुसरं माझ्याकडे काही नव्हतं. सुकलालच्या पळण्याचा आवाज ऐकत मी उभा होतो. मी मोठ्याने आकडे मोजत होतो, असं नंतर एका गाडीवाल्याने सांगितलं.

"भाऊ." सुकलालचा आवाज बारीक झाला होता. "शे. आठे पडेल शे."

"जिवंत आहे?"

"जित्ता शे. डोया उघडा शेत. बोलस नही. उजवा हात हालस नही."

०८५७. मी वेळ लिहून घेतली. त्या पानावर, 'ओके'च्या खाली. मग 'ओके'वर काट मारली.

पंपाचा जुना फूटव्हॉल्व्ह शोधायला तो तिथे गेला होता, आणि तिथेच त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. फोन खिशात होता. आठ वाजत आले तेव्हा त्याने डाव्या हाताने फोटो काढला. बोलता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं, आणि एवढंच त्याला करता येत होतं. पाठवल्यावर फोन हातातून निसटला आणि मोटारीच्या कट्ट्याखाली गेला. मी फोन करत होतो ते तो ऐकत होता. माझ्या काचेचा फोटो आल्याचा आवाजही त्याने ऐकला होता. हे त्याने मला पुढे दोन महिन्यांनी सांगितलं, तुटक तुटक. त्याने रागाने सांगितलं नाही, आणि मला ते जास्त लागलं.

जीपने त्याला धुळ्याला नेलं. मी जामनेरहून जळगाव, जळगावहून धुळे, अशा दोन एसट्या बदलून दुपारी पोचलो. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. हे वाक्य ऐकायला मी अकरा वर्षं थांबलो होतो, पण ते दुसऱ्याच माणसाबद्दल आलं. मी जिन्यात जाऊन रडलो. सुनंदाला फोनवर फक्त 'पोचलो' एवढं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसलो होतो. माझा मोबाईल वाजला. वॉर्डाच्या खिडकीचा फोटो होता, सलाइनच्या बाटलीची सावली पडलेला. पाठवणारा माझ्यापासून दोन फुटांवर पडलेला होता, सुकलालने कट्ट्याखालून काढून दिलेला फोन डाव्या हातात धरून. आठ वाजले होते. मी उठून त्याच खिडकीचा फोटो काढला आणि त्याला पाठवला.

फेब्रुवारीत दिलीपचा दिवस असतो. आम्ही दर वर्षी नरडाण्याला जातो. या वर्षी जयराम काठी घेऊन आला. दिलीपच्या आईने चहा केला. तिला आम्ही माय म्हणतो. खिडकीतलं ऊन कोठीवर आलं होतं. मी चहा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. पहिला दाब, मधलं अंतर, दुसरा दाब, आणि मी सुभेदार साहेबांना काय सांगितलं ते. जयराम माझ्याकडे बघत होता. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं. दिलीपला एकटं सोडून केबल आणायला आलो, हे ओझं तो इतकी वर्षं एकटाच वाहत होता.

मायने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मन्हा दिलीपनी तुले आवाज दिधा व्हता मग."

"हो, माय."

"तुले ऐकू उना?"

"आला. मला समजला नाही."

तिने मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी ते मागितलंही नाही. तिने माझा गार झालेला चहा उचलला आणि गरम करायला आत नेला. तेवढ्यात मालगाडी आली. कोठीवरचं ऊन थरथरायला लागलं, तो सांगायचा तसंच. गाडी लांब होती. आम्ही दोघे ती जाईपर्यंत बघत राहिलो.

गाडी गेल्यावर जयरामने काठीने माझ्या पिशवीकडे खूण केली. माझी वही त्यात असते, हे त्याला माहीत आहे.

"लि... लिही," तो म्हणाला.

मी नवं पान काढलं आणि लिहिलं.

'१४००. लान्स नाईक दिलीप. दोन दाब, मध्ये पाच सेकंद. ओके नाही. मदत मागतो आहे.'