प्लांटर दाजी

उमाशंकर मोहिते म्हणजे माझी बहीण सरला हिचे यजमान, आमचे दाजी. धारहून कंपनीच्या बसने ते पीथमपुरास जातात आणि अख्खी पाळी उभे राहून मोटारींचे सुटे भाग तपासत असत. तेथे कारखान्याला कोणी कारखाना म्हणत नाही, प्लांट म्हणतात. उभे राहून राहून दाजींची टाच धरली. सकाळी पाऊल जमिनीस लागताच ते जे शब्द उच्चारीत, ते लॅटिन खचितच नव्हते.

डॉक्टर म्हणाले, ‘‘प्लांटर फॅसायटिस. बसून करायचं काम मागून घ्या, नाहीतर पाय सुधारणार नाही.’’

‘‘प्लांटमुळे होतो म्हणून प्लांटर?’’ दाजींनी मला विचारले.

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. विद्यार्थी हिंदीत जांभया देतात. प्रश्न विचारला जाण्याची सवयच सुटलेली. मी सविस्तर सांगितले: लॅटिन ‘प्लांटा’ म्हणजे तळपाय आणि ‘प्लांटा’ म्हणजे रोप, कलमही. कलम लावून माती तळपायाने दाबतात, त्यावरून ही सोयरीक जुळली असावी. पुढे यंत्रे पक्की रोवलेली जागाही प्लांट झाली.

‘‘तळव्याला प्लांट, तुळशीला प्लांट, कारखान्याला प्लांट!’’ सरला म्हणाली. ‘‘लॅटिनवाल्यांकडे शब्दांचा दुष्काळ होता का, दादा? यांना बसायला मिळेल की नाही, तेवढं सांग.’’

म्हणून मी जातीने दाजींबरोबर प्लांटवर गेलो. कामे वाटणारा अधिकारी अंशुल, वय कोवळे, नजर मोबाइलवर. मी लॅटिनपासून आरंभ केला.

‘‘सर, शॉर्ट में बोलो.’’

दाजी पुढे सरसावले. ‘‘भिया, अपने को प्लांटर है. खड़े-खड़े काम नी होता.’’

‘‘प्लांटर हो? तो पहले बोलना था ना! बगीचे में आदमी कम पड़ रिये हैं.’’

मी दुरुस्तीसाठी तोंड उघडले. दाजींनी आपला धडका पाय माझ्या पायावर दिला.

आता ते कारखान्याच्या बागेत पोत्यावर मांडी घालून कुंड्या भरतात. टाचेचे दुखणे उतरते आहे. माझ्या शास्त्रशुद्ध विवेचनाने जे साधले नसते, ते एका अधिकाऱ्याच्या निर्भेळ अज्ञानाने साधले, याविषयी माझी तक्रार आहे आणि ती मी मागे घेणार नाही.

‘‘त्या गाढवाला खरा अर्थ लेखी कळवायलाच हवा,’’ मी परवा म्हणालो.

‘‘खुशाल कळवा,’’ दाजी म्हणाले. ‘‘मी रिटायर झाल्यावर.’’