टाकीवर जाऊन आलेली बाई

सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हाची गोष्ट. तिथल्या नवागाम वस्तीत आमच्या नळावर ओरड झाली, टाकीत म्हणे विष कालवलंय! आम्ही भरलेले हंडे गटारात ओतले. घरात माझी पोर तापानं पाणी पाणी करत होती.

रांगेतली एक अनोळखी बाई हातातली चुंबळ फिरवत जिला तिला विचारत होती, "तू पाहिलं का, बाई?"

"आली मोठी वकील!" कुणीतरी म्हणालं.

ती तडक टाकीकडे गेली आणि घामाघूम होऊन परतली. "टाकीवाल्याची बायको त्याच पाण्यानं पीठ मळतेय. मी बघून आले," म्हणाली आणि आधी स्वतः ओंजळभर प्यायली. मग मी पोरीला पाजलं.

नाव विचारायचं राहिलंच बघा. पण अजून कुणी भलतीच बातमी आणली, की मी विचारते, "पीठ मळताना पाहिलंस का?" माझी तीच लेक खो खो हसते.