चिमामावशीच्या खाचरातली माती

माती तपासायच्या लॅबमध्ये नोकरी केली की पोत्यांनी माती जमते आणि तितकेच किस्से. तपासून झालेली माती टाकून देता येते. किस्से राहतात, आणि आठवले की माझं डोकं अजून तापतं.

*

आमच्या साहेबांनी एकदा आंदर मावळातल्या एका गावात साठ शेतांची माती आणायला माणूस धाडला. गडी दोन तासांत परत! पिशव्या साठ, नावं साठ, माती मात्र एकाच जागची. मी साहेबांना दाखवलं.

"गाव एकच आहे ना मॅडम? मग माती एकच असणार."

साठ रिपोर्ट छापले. सगळ्यांना तेच खत, तेवढंच.

*

त्याच गावच्या चिमामावशी. डोंगराच्या उताराला त्यांचं भाताचं एक खाचर. एसटी आली नाही म्हणून अर्धा दिवस चालत लॅबला आल्या आणि रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला.

"माज्या शेतात कुनी आलंच न्हाई. मग ह्यो कागद कुनाच्या मातीचा?"

पुढच्या रविवारी मी स्वतः जाऊन माती आणली, तपासली. कस पार गेला होता. म्हटलं, "मावशी, बांधावर गिरिपुष्प लावा, त्या झाडाच्या पाल्याचं खत होतं. लावणीआधी चिखलणीच्या वेळी त्याचा कोवळा पाला मातीत गाडा."

त्यांनी लावलं. तीन पावसाळ्यांत माती काळी, भुसभुशीत झाली. भात दीडपट आलं.

*

साहेबांना हे कळलं. लगेच खाचरापाशी बोर्ड लागला. त्यावर साहेबांचं नाव, साहेबांचा फोटो. मावशींचं नाव कुठंय, मी विचारलं.

"जागा पुरली नाही."

*

मग परदेशी पाहुणे यायचे ठरले. गाडी थेट खाचरापर्यंत जावी म्हणून साहेबांनी आदल्या दिवशी बुलडोझर धाडला. मावशी बाजाराला गेलेल्या. मशीननं बांध फोडला, गिरिपुष्पाची रांग उपटली, खाचराच्या कोपऱ्यात मुरूम ओतला. भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. पाणी गेलं, पाण्याबरोबर माती ओढ्याला गेली. मला हे कळलं ते दुसऱ्या दिवशी, पाहुण्यांसोबत पोचल्यावर.

साहेब मुरमावर उभं राहून जमिनीच्या आरोग्यावर इंग्रजीत बोलले. मग म्हणाले, "मावशी, पाहुण्यांना सांगा, माती कशी आहे?"

मावशी साहेबांच्या बुटांकडं बघत होत्या.

"लय चांगली हुती. आता तुमी तिच्यावरच उभं राह्यलाय."

पाहुण्यांनी साहेबांकडं पाहिलं.

"शी इज व्हेरी हॅपी," साहेब म्हणाले.

टाळ्या वाजल्या.