दोऱ्याने मोजलेला समुद्र

भूगोल मी आवडीने घेतला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. एफवायबीएच्या अॅडमिशनला गेले तेव्हा मानसशास्त्राच्या जागा भरल्या होत्या, अर्थशास्त्राला मी घाबरत होते. खिडकीतल्या काकांनी माझ्या मागची रांग बघितली आणि विचारलं, “भूगोल टाकू?” मी म्हटलं, टाका. झालं. जगाचा प्रादेशिक भूगोल असा माझ्या गळ्यात पडला.

घाटकोपरहून मुलुंडला बसने जायचं, एलबीएस रोडवर तासभर लटकायचं आणि पहिल्याच लेक्चरला टुंड्रा प्रदेशातलं लोकजीवन लिहून घ्यायचं. मॅडम जगाचे तुकडे पाडून शिकवायच्या. प्रत्येक तुकड्याची मांडणी तीच: स्थान, विस्तार, भूरचना, हवामान, वनस्पती, खनिजं आणि शेवटी उरलेल्या जागेत लोकजीवन. ही किल्ली कळल्यावर मला काही वाटेनासं झालं. ‘येथील लोक कष्टाळू आहेत’ हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या खंडांना लावलं आणि तिन्ही वेळा मार्क मिळाले.

घरात मात्र माझ्या भूगोलाला भलताच भाव होता, कारण दादा शिपवर होता. आम्ही मालवणकडचे. आजोबा गिरणीत होते, बाबा माहुलला एका गोदामात लागले, समुद्राचा नि आमचा संबंध फक्त ताटातल्या माशापुरता. दादाच्या डोक्यात कुठून शिरलं कोण जाणे, पण तो कोर्स करून मालवाहू जहाजावर मेसमन म्हणून लागला. मेसमन म्हणजे साहेब लोकांना जेवण वाढायचं, भांडी घासायची, केबिनी झाडायच्या. आई चाळीत सांगायची, “शिपवर ऑफिसात असता.” आम्ही कोणी तिला दुरुस्त केलं नाही.

संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की ती हात पुसत यायची. “खय आसा गो तो आता?” मी अॅटलास उघडून दादाने शेवटच्या फोनवर सांगितलेल्या जागी पेन्सिल टेकवायचे. आई त्या टोकाकडे बघत राहायची. मग विचारायची, “थंय गरम होता काय?” हवामान तर मला पाठच होतं. मी उन्हाळ्याचं तापमान सांगायचे, पावसाचं प्रमाण सांगायचे, ती मान डोलवायची. खरं सांगते, मला त्या वेळी फार शहाणं वाटायचं.

त्यातच मॅडमनी प्रॅक्टिकलला दोऱ्याने अंतर मोजायला शिकवलं. शिवणाचा दोरा ओला करायचा, नदीच्या वळणावरून वळण घेत नकाशावर टाकायचा, जिथे संपेल तिथे चिमटीत धरायचा आणि पट्टीवर सरळ करून सेंटिमीटर मोजायचे. मग त्या पानाच्या कोपऱ्यात दिलेल्या प्रमाणाने गुणायचं. वर्गात आम्ही नैर्ऋत्य आशियाच्या पानावर तैग्रिस नदी मोजली. त्या पानावर एक सेंटिमीटर म्हणजे दीडशे किलोमीटर. माझं उत्तर सगळ्यात जवळचं आलं. मॅडम म्हणाल्या, “हात स्थिर आहे तुझा.” कॉलेजात मला पहिल्यांदाच कोणी काही चांगलं म्हटलं होतं. मी दोन दिवस हवेत.

त्याच आठवड्यात एका दुपारी दादाचा फोन आला. थेट माझ्या मोबाईलवर. एरवी तो आईच्या फोनवर करायचा.

“आई जवळ आहे?”

“खाली गेलीय, दळण आणायला. का रे?”

“बरं झालं. नीट ऐक.”

त्यांचं जहाज एडनच्या आखातात शिरून, मग तांबड्या समुद्रातून वर सुएझला जाणार होतं. त्या पट्ट्यात जहाजांवर हल्ले होतायत हे आमच्या टीव्हीवर रोज चालू होतं. आई समोर असली की बाबा चॅनल बदलायचे. कंपनीने सगळ्यांपुढे कागद ठेवला होता: यायचं असेल तर सही करा, नसेल तर आधीच्या बंदरात उतरा, विमानाने घरी पाठवतो. संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. दोघेजण उतरणार होते.

“मग तू पण उतर ना,” मी म्हटलं.

“येडी आहेस का? पहिलं कॉन्ट्रॅक्ट आहे. उतरलो तर एजंट परत दारात उभा करणार नाही.” मग त्याने आवाज खाली आणला. “हे बघ, दोन-तीन दिवसांचा मामला असेल तर मी काढीन दम धरून. आठवडाभर असेल तर नाही यार, माझ्याच्याने नाही होणार. माझी फाटतेय. तू भूगोल शिकतेस ना? मोजून सांग. ताशी वीस किलोमीटर धर.”

“तिथे कोणाला तरी विचार ना.”

“इथे प्रत्येकजण वेगळं सांगतो. तू सांग.”

मी फोन स्पीकरवर टाकला आणि आईच्या डब्यातला दोरा काढला. नैर्ऋत्य आशियाच्या पानावर तांबडा समुद्र अगदी कडेला आला होता, अर्धा शिवणीत गेलेला. म्हणून मी आफ्रिकेचं पान काढलं, तिथे तो अख्खा दिसत होता. दोरा ओला केला. एडनच्या आखाताच्या तोंडापासून सुएझपर्यंत किनाऱ्याला न चिकटता मधोमध टाकला. पावणेआठ सेंटिमीटर. गुणिले दीडशे. भागिले वीस. प्रॅक्टिकलच्या वहीत दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच आलं.

“अठ्ठावन्न तास. म्हणजे दोन दिवस नि दहा तास.”

“नक्की?”

“नक्की. दोऱ्याने मोजलंय.”

तो हसला. बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला. “झकास. मग करतो सही. आईला सांग, दोन दिवस नेट बंद ठेवणार आहेत, काळजी करू नको.”

मी आईला सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळपासून तिने फोन तांदळाच्या डब्यावर ठेवला, चुलीजवळून दिसेल असा. “दोन दिवस म्हणा होतंस ना गो?” मी म्हटलं, नेटचा प्रॉब्लेम असेल. संध्याकाळी तिने परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. बाबांनी टीव्ही लावलाच नाही.

त्या संध्याकाळी मी अॅटलास पुन्हा काढला. पेन्सिल कुठे टेकवायची ते आधी बघून ठेवावं, म्हणजे आईसमोर अडखळायला नको, एवढाच विचार होता. आफ्रिकेचं पान उघडलं आणि कोपऱ्यात लिहिलेलं दिसलं. एक सेंटिमीटर म्हणजे चारशे किलोमीटर.

दीडशे त्या दुसऱ्या पानाचे होते. वर्गात तेच पान घोटलेलं, तेच डोक्यात बसलेलं. मी पान बदललं आणि प्रमाण बदललं नाही. वाट लागली. पावणेआठ गुणिले चारशे म्हणजे एकतीसशे. भागिले वीस. साडेसहा दिवस.

माझ्या हिशेबाने दादा सुएझला पोचला होता. खऱ्या हिशेबाने तो आत्ता कुठे आखात संपवून त्या चिंचोळ्या सामुद्रधुनीपाशी आला होता. टीव्हीवर हल्ल्यांच्या बातमीत जिचं नाव घ्यायचे तीच. तिथल्या हवामानावर आणि खजुरावर मी पाच मार्कांचं उत्तर लिहू शकत होते.

मी मेसेज टाइप केला, दादा, माझं चुकलं, साडेसहा दिवस आहेत. मग बघत बसले. नेट बंद होतं, जाणार नव्हताच. आणि गेला तरी वाचून तो करणार काय? समुद्रातून उतरून चालत येणार? सही करून झाली होती, उतरणारे दोघं उतरून घरीसुद्धा पोचले असतील. मी मेसेज पुसला. पुन्हा टाइप केला, पुन्हा पुसला. असं किती वेळा केलं आता आठवत नाही. आईबाबांना सांगायचं तर तोंडच उघडेना.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मॅडमना गाठलं. वही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, “एका पानाचं प्रमाण दुसऱ्या पानाला लावलंस. अगं, पहिल्या वर्षाला सगळेच ही चूक करतात. अर्धा मार्क जातो, घाबरू नकोस.”

“पण मॅडम, त्यावरून कोणी काही ठरवलं असेल तर?”

“कोण ठरवणार? प्रॅक्टिकलची वही आहे ही.” त्यांनी लाल पेनाने दीडशेवर काट मारून चारशे लिहिलं आणि बारीकशी सही केली. बाई चांगल्या होत्या. मी सगळं सांगितलं असतं तर माझ्या पाठीवरून हात फिरवला असता, त्याहून जास्त त्यांच्याही हातात काही नव्हतं. मी वही घेऊन बाहेर आले आणि कॅन्टीनच्या मागे बसून रडले. एवढा राग मला कधी कोणाचा आला नसेल, जेवढा त्या दिवशी स्वतःचा आला.

आईने गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. संध्याकाळी ती मला विचारायची, “खय आसा गो?” आणि मी पेन्सिल वर, सुएझच्या जवळ टेकवायचे. रोज खोटी जागा दाखवायचे. ती त्या जागेवरून अंगठा फिरवायची. मला वाटायचं अॅटलास उचलून खाडीत फेकावा.

आठव्या दिवशी फोन आला. “पोचलो. बरा आहे.” आवाज घोगरा होता, आणि मधेच तो “काय? मोठ्याने बोल” म्हणत होता. आम्हाला वाटलं, रेंज नसेल. आई रडली, बाबांनी जिन्यात जाऊन डोळे पुसले, मी बाथरूममध्ये.

दोन महिन्यांनी तो घरी आला. काळवंडलेला, पण धडधाकट. आईने घावणे घातले. मी ठरवलं होतं, पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. जेवताना त्याच्या डाव्या बाजूला बसलेले बाबा काही विचारत होते आणि तो प्रत्येक वेळी अख्खी मान वळवून “काय?” म्हणत होता. मी ते बघितलं आणि माझा घास तसाच राहिला.

“कानाला काय झालं रे?” मी विचारलं.

“अगं, तीच तर गंमत.” त्याने चटणी ओढून घेतली. “सगळे आतल्या पॅसेजमध्ये लाइफजॅकेट घालून पडून होते. मी मोबाईलवर तास मोजत होतो. अठ्ठावन्न झाले नि मी उठलो. आमचा बोसन, खलाशांचा मुकादम गं, तो ओरडला, बस खाली, अजून चार दिवस आहेत. सहीच्या वेळीपण तो सहा दिवसच म्हणाला होता. मी म्हटलं, माझी बहीण कॉलेजात भूगोल शिकते. गेलो माझ्या केबिनमध्ये नि पसरलो. तासाभरात बाजूलाच काहीतरी फुटलं, खिडकीची काच आत. तेव्हापासून या कानात शिट्टी वाजतेय. ऐकू असं येत नाही.”

आईचा हात तव्यावरच थांबला. “मगे आता?”

“आता काय, मेडिकलला नापास. शिप बंद. बघू मरोळला एखाद्या कारखान्यात वगैरे काही मिळतंय का.”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण तोच आधी बोलला.

“तुझं मोजलेलं बरोबरच होतं गं. कॅप्टनच जहाज हळू चालवत होता. घाबरट साला.”

आईने त्या कॅप्टनच्या सात पिढ्या काढल्या. बाबा म्हणाले, पोरीने दोऱ्याने मोजलं होतं, ते कसं चुकेल. दादाने उजवा कान माझ्याकडे केला.

“हो ना गं?”

मी म्हटलं, “हो.”